यांगशुओला होडीनं

हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. हातातला चहाचा कप रिकामा होईपर्यंत या गोष्टीत हसण्यासारखं फार उरत नाही. पण गाढवपणा माझा आहे, तेव्हा तो मीच सांगितलेला बरा. दुसरा सांगेल तर तिखटमीठ लावेल, आणि खरं सांगतो, याला वरून काही लावायची गरजच नाही!

मी धुळ्याला एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. आयुष्य खिडकीत गेलं. साक्री, पिंपळनेर, दोंडाईचा, शिरपूर, कुठली गाडी किती वाजता आणि कुठे किती मिनिटं थांबते, झोपेत विचारा. रिटायर झालो तरी गल्लीत कोणाला लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, लोक आधी माझ्याकडे येतात. मला 'टाइमटेबल बापू' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला आवडतं.

असा हा टाइमटेबल बापू चीनमध्ये कसा गेला? तर नानामुळे. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. जामनेरला त्याचं शेतीपंपांचं दुकान. करोनाच्या आधीची गोष्ट. पंपांच्या कंपनीने चांगल्या विक्रीबद्दल दुकानदारांना चीनची सहल दिली, जोडीने. वहिनी म्हणाल्या, "मी इमानमा बसाऊ नही." झालं! वहिनींच्या जागी मी.

आमच्या टोळीचे म्होरके होते दोंडाईच्याचे रमणशेठ. तेही पंपवाले. मोठा आवाज, मोठं मन आणि मोठी बॅग. सगळ्यांची तिकिटं त्यांच्याकडे.

फिरत फिरत आम्ही गुइलिन नावाच्या शहरात पोचलो. तिथून पुढे यांगशुओ. नदीकाठचं गाव, चहूकडे उभे सुळके. ते बघायला म्हणे जगभरातून माणसं येतात. गुइलिनहून तिथे जाणारी मोठी होडी मिळते, चार-पाच तासांची. नाना आदल्या दिवसापासून माझ्या मागे लागलेला.

"बापू, आपण होडीमा जाऊत ना रे. बठ्ठा डोंगर बसल्या जागी दिखतीन."

"नाना, दीड तासाचा रस्ता शे. पाच तास पाण्यामा काय करशी? होडी म्हणजे रिकाम्या लोकस्नं काम!"

सगळ्यांसमोर बोललो. टाइमटेबल बापूने बस म्हटलं, मग बसच ठरली. नाना नुसता खिडकीबाहेर बघत बसला.

आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी नव्हतोच! रात्रीच्या कुठल्याशा रश्शाने माझं पोट असं बिघडलं, की हॉटेलच्या खोलीपासून संडासापर्यंत हाच माझा मार्ग आणि दर दहा मिनिटांनी फेरी. मंडळी गेली. नाना जाताना माझ्या उशाशी दशम्यांचं पुडकं आणि वहिनींनी दिलेल्या तिळाच्या चटणीची बरणी ठेवून गेला. "आठेनं काही खाऊ नको, हाई खाय." मी दुसऱ्या दिवशी येईन असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास रमणशेठचा फोन.

"बापू, घाबरू नका."

बघा, इथेच मी उठून बसलो. फोनवर पहिलं वाक्य 'घाबरू नका' असेल तर माणसाने काय करावं?

"नानांचं जरा सिरीयस झालंय. नदीच्या घाटावर पाय घसरला. तुम्ही फक्त निघून या."

"नानाकडे द्या फोन."

"आत्ता नाही बोलता येणार त्यांना. तुम्ही या. तुमची सही लागणार आहे. आणि घरी एवढ्यात काही कळवू नका, वहिनी घाबरतील."

संपलं! तुम्ही खान्देशातले असाल तर तुम्हाला पुढचं सांगायला नको. आमच्याकडे फोनवर कोणी मरतं का? छे! फोनवर माणूस फार तर सिरीयस होतो. मरतो तो आपण दारात पोचल्यावर. बाहेरगावच्या माणसाला वाटेत धक्का बसू नये म्हणून ही रीत. आमचे आबा, म्हणजे वडील, गेले तेव्हा याच नानाने मला फोन केला होता, "आबा सिरीयस शेत, तू निंघी ये." मी पोचलो तर अंगणात तिरडी बांधून तयार. आणि नोकरीत मी स्वतः किती ड्रायव्हर-कंडक्टरच्या घरी असे फोन केले असतील! 'जरा सिरीयस आहे, तुम्ही फक्त या.' शब्दन्‌शब्द माझाच. मला कोण फसवणार?

बोलता येत नाही. सही लागणार. घरी कळवू नका. मी कॉटवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. नाना गेला. परक्या मुलखात, घाटावर, एकटा गेला. आणि मी पोट धरून पडलो होतो.

रडून झाल्यावर कर्तव्य आठवलं. रमणशेठ कळवू नका म्हणाले होते, पण घरात मोठा आता मीच ना? जामनेरला पुतण्याला, जितूला, फोन लावला. तिकडे अजून नीट उजाडलंही नव्हतं.

"जितू, नाना जरा सिरीयस आहेत. घाबरू नको. आईला एकटं सोडू नको. अक्काआत्याला बोलावून घे."

पलीकडून मग एकदम हुंदका. जितू पण खान्देशातलाच ना!

खाली आलो. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल पुढे केला. ती चिनी बोलायची, मोबाइल हिंदी बोलायचा. यांगशुओला कसं जायचं, विचारलं. पोरगी फार हुशार. कागदावर काढून दाखवलं. वेगवान रेल्वे: अर्ध्या तासात यांगशुओ स्टेशन. पण दोंडाईच्याला उतरलं की माणूस गावात असतो, तसं इथे नाही. स्टेशनहून गाव पुन्हा तासाभराच्या वाटेवर. बस: दीड-दोन तास. टॅक्सी: दीड तास, थेट दारात. आणि होडी: धक्क्यापर्यंत हॉटेलची गाडी सोडते, साडेनऊला सुटते, दुपारी पोचते.

मोबाइल म्हणाला, "आपको जल्दी है क्या?"

आता विचार करा. आयुष्यभर लोकांना सगळ्यात जवळचा रस्ता दाखवलेला मी माणूस. टॅक्सी दारात उभी. पण डोक्यात एकच. आता घाई कशाची? ज्याच्यासाठी पळायचं तो गेला. आणि नानाचं शेवटचं मागणं काय होतं? होडी. मी सगळ्यांसमोर त्याला गप्प केलं होतं. निदान आता तरी त्याच्या वतीने होडीने जाऊ.

मी मोबाइलला म्हटलं, "नहीं. जल्दी नहीं है."

या चार शब्दांवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

होडीत चढताना शर्टावर गोल लाल स्टिकर चिकटवला, त्यावर होडीचं चित्र. गाडी सुटली, म्हणजे होडी सुटली, आणि फोन वाजला. रमणशेठ. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. मी बंदच करून टाकला. का? तर तो शब्द मला ऐकायचा नव्हता. मी पोचेपर्यंत नाना सिरीयसच राहू दे, असं वाटलं.

ते डोंगर! काय सांगू. पाण्यातून एकेक सुळका वर आलेला, मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा, धुक्यात पुसट होत गेलेले. म्हशी पाण्यात डुंबत होत्या. आमच्याच म्हशी वाटाव्यात. नाना असता तर प्रत्येक डोंगराला मला ढोसून उठवलं असतं.

मग मला वाटलं, नदी आहे, मी भाऊ आहे, पाणी तरी द्यावं. तीळ हवेत. तीळ कुठून आणायचे? होते ना! वहिनींची तिळाची चटणी. तिच्यात लाल मिरची आणि लसूण होता, पण तीळ ते तीळच. ओंजळीत चटणी घेतली, बाटलीतलं पाणी घातलं आणि दक्षिणेकडे तोंड करून कठड्याशी उभा राहिलो.

पण दक्षिण जाग्यावर राहील तर ना! नदी वळली की होडी वळायची आणि दक्षिण दुसऱ्या कठड्याला जायची. मी ओंजळ सांभाळत इकडून तिकडे. बोटांच्या फटीतून लाल पाणी गळतंय, डोळ्यांतून वेगळं. एका चिनी म्हाताऱ्याला काय कळलं कोण जाणे. तो उठला, मोबाइलमध्ये दिशा बघितली, माझे खांदे धरून मला नेमकं उभं केलं आणि स्वतः टोपी काढून शेजारी थांबला. मी पाणी सोडलं. मिरचीचा हात डोळ्याला लागला. मग तर असा रडलो की चार बायका मला बघून रडल्या.

आता एक गोष्ट, जी मी घरात कोणालाही सांगितली नव्हती. थोड्या वेळाने होडीत जेवण आलं. भात आणि भाजी. दोन दिवस पोट रिकामं होतं. मी जेवलो. आणि भात दोनदा घेतला. भाऊ गेलेला, आणि मी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं! चवही लागली. खोटं कशाला बोलू?

अडीच वाजता यांगशुओचा धक्का आला. वर रमणशेठ उभे. घामाघूम, शर्ट सुटलेला.

"फोन का बंद तुमचा? मी बसचा अड्डा पालथा घातला, टॅक्सीवाल्यांना विचारलं!"

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "रमणशेठ, कुठे ठेवलंय?"

"काय कुठे ठेवलंय?"

"नानाला."

"ठेवलंय म्हणजे? दवाखान्यात आहेत! सकाळपासून तुमची वाट बघतायत. गुडघा निखळलाय, आतली रक्ताची नस दाबली गेलीय. ऑपरेशनला रक्ताच्या माणसाची सही पाहिजे म्हणतात. मी करतो म्हटलं, नाना स्वतः करतो म्हणाले, तरी ऐकेनात. चला!"

"म्हणजे... बोलता येत नव्हतं ते?"

"एक्स-रे काढत होते हो! आत फोन नेऊ देत नव्हते!"

मी धावलो. साठीच्या पुढचा माणूस, बिघडलेलं पोट, त्यात दोनदा भात. धावलो. दवाखान्यात नाना कॉटवर पडलेला, चेहरा पांढराफटक, ओठ दाताखाली. मला बघून त्याने मान वळवली. त्याची नजर माझ्या शर्टावरच्या लाल स्टिकरवर गेली.

"होडीमा उना का रे, बापू?"

होडीने आलास का म्हणे! मी तो स्टिकर उपटून मुठीत धरला. 

"कशी व्हती रे होडी?"

मी कागद घेतला आणि सही केली. चिनी कागदावर मराठी सही. अक्षर माझं मलाच ओळखू आलं नाही.

पाय वाचला. तीन बोटं गेली. दुभाष्या मुलीने डॉक्टरचं बोलणं सांगितलं, की दोन-तीन तास आधी सही मिळती तर कदाचित बोटंही राहिली असती. 'कदाचित' तिने दोनदा म्हटलं. भली पोरगी.

आता जामनेरचं ऐका. मी फोन चालू केला तर तो हातातून उडी मारेल इतका थरथरला. नात्यातल्या ग्रुपवर नानाचा फोटो, भोवती फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एकशे बारा जणांनी हात जोडलेले. दारावर माणसं बसलेली. चुली थंड. बायकांनी वहिनींच्या बांगड्यांना हात घातला होता. वहिनींनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "आधी माले त्यास्ना आवाज ऐकू द्या. मंग काय करनं ते करा." सकाळपासून त्याच जागी बसून होत्या. पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी नानाने स्वतः फोन लावला. आम्ही आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं की तो जिवंत आहे. पण विश्वास कोण ठेवणार? जिवंत आहे असं सांगायचीही आमच्यात रीत आहे ना!

"अरे मी जित्ता शे! कसाले रडी राह्यनात?"

जितू म्हणतो, रडणं आणखी वाढलं. एक म्हातारी आत्या तर फोन बघून घराबाहेर पळाली. वहिनींनी फोन कानाला लावला आणि मग तांब्याभर पाणी प्यायल्या.

नाना मला एका शब्दाने रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पण जामनेरला आल्यावर त्याने सगळ्यांना समोर बसवलं, काठी आपटली आणि सांगितलं, "आजपासून ह्या घरमा जे शे ते सांगानं. मरी गया त मरी गया सांगानं. सिरीयस त सिरीयस. पुढला माणूस रडी का पडी, पन खरं सांगानं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यात जोरात.

आणि मला त्याने एक गोष्ट चिकटवली. मी कुठेही उशिरा पोचलो, लग्नात, बारशाला, नुसता चहाला, की नाना पाय ओढत दारापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "होडीमा उना का रे?" सगळे हसायचे. मी पण हसायचो. मग तो हळूच विचारायचा, "सांग ना, कशी व्हती?" मी विषय बदलायचो. त्याच्या चपलेकडे बघून कसं सांगणार, की फार सुंदर होती?

गेल्या वर्षी सकाळी दहाला जितूचा फोन.

"काका, नाना सिरीयस आहेत. तुम्ही निघून या."

मी घाबरलो. पण रडलो नाही. कारण आमच्या घरात आता नियम होता! सिरीयस म्हणजे सिरीयस. म्हटलं, या वेळी चूक नाही. एसटी नको, काही नको, शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. पारोळा, एरंडोल, जळगाव, चहालासुद्धा थांबू दिलं नाही. सगळ्या वाटेने एकच ठरवत होतो, आज नानाला विचारायची संधीच द्यायची नाही.

जामनेरात शिरलो. दुकानाचं शटर खाली. म्हटलं, आज दुकान कोण उघडणार, नाना आजारी आहे ना. दारासमोर चपलांचा ढीग. म्हटलं, भेटायला आलेत. ओट्यावर टोप्या घातलेली माणसं खाली मान घालून बसलेली. म्हटलं, काळजीत आहेत बिचारी. मी, ज्याने अर्ध्या वाक्यावरून चीनमध्ये भावाला मारलं, तो मी डोळ्यांसमोरचं एकही चिन्ह वाचायला तयार नव्हतो.

उंबऱ्यातूनच ओरडलो, "नाना! घड्याळ देख! आज होडीमा नही उनू!"

कोणी हसलं नाही.

मधल्या खोलीत नाना जमिनीवर होता. पांघरूण छातीपर्यंत. पाय बाहेर, डाव्याची पाच बोटं, उजव्याची दोन. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती जागा करून दिली. या वेळी त्यांनी हात पदराखाली घेतले नव्हते.

जितू आतून येऊन माझा हात धरून म्हणाला, "काका, सकाळी आठलाच... तुम्ही एवढ्या लांबून येणार, वाटेत तुम्हाला काही झालं असतं तर? फोनवर कसं सांगू?"

 मी तरी दुसरं काय सांगितलं असतं?

दहाव्याला आम्ही कांग नदीवर गेलो. पाणी घोट्याएवढं. गुरुजींनी ओंजळीत तीळ दिले, साधे, लसूण नसलेले. मला दक्षिण कुठे ते विचारावं लागलं नाही, नदी सरळ होती. एकाच भावाला दुसऱ्यांदा पाणी देत होतो. या वेळी तरी तो विचारायचा त्याचं उत्तर द्यावं म्हटलं. खाली वाकून हळूच बोललो.

"नाना, फार चांगली व्हती रे होडी. डोंगर तू सांगे तसाच, बठ्ठा बसल्या जागी दिखतस. म्हशी पन व्हत्यात. तुले लई आवडती. आनि नाना... मी भात दोनदा लिधा व्हता."

मागून गुरुजी म्हणाले, "काका, आटपा. उशीर होतोय."

म्हटलं, "होऊ द्या गुरुजी. ज्याच्यासाठी आलोय, त्याला माझ्या उशिराची सवय आहे."